हात सुटल्यावरचा जोर

मार्च संपायला आला की आमच्या रस्त्यावरचे करंज कोवळ्या पानांनी चमकायला लागतात आणि मग फुलतात. सकाळी झाडणारी बाई येईपर्यंत फुटपाथभर लाह्या सांडल्यासारखी फुलं पडलेली असतात. समोरच्या घरातली मुलगी याच दिवसांत गच्चीवर येरझाऱ्या घालत पाठ करते. ती इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. हातात पुस्तक, एक बोट पानांमध्ये अडकवलेलं, डोळे मिटलेले. गतीचे नियम ती इतक्या भरभर म्हणते की दोन वाक्यांच्या मध्ये श्वासालाही जागा राहत नाही. मी खाली कुंड्यांना पाणी घालत असते. कान देऊ नये असं ठरवते, आणि देते.

बंगळूरच्या या दिवसांना माझ्या मनात एक वास आहे: लाकडाला नुकत्याच केलेल्या पॉलिशचा, स्पिरिटचा आणि ओल्या खडूचा. साठ सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एम.एस्सी. होऊन मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. मुलांना प्रयोगाची उपकरणं लावून द्यायची, त्यांनी घेतलेले आकडे तपासायचे, जर्नलवर सही करायची, आणि वर्षाअखेरीला कॉलेजची तोंडी परीक्षा घ्यायची, एवढं माझं काम. त्या दगडी इमारतीत नोकरी करणारी मी एकटीच बाई. पदराला पिन लावून मी प्रयोगशाळेत शिरले की मुलं क्षणभर गप्प होत आणि मग मुद्दाम मोठ्यानं बोलत.

सकाळी प्रयोगशाळा गार असायची. तिथे दोन तऱ्हेची स्टुलं होती, लाकडी आणि लोखंडी. लोखंडी स्टुलावर बसायला कोणी तयार नसे. एकदा मी सहज विचारलं, लोखंडी स्टूल जास्त थंड का? "मॅडम, लोखंडाचं तापमानच कमी असतं," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. मी कपाटातून थर्मामीटर काढले आणि एकेक दोन्ही स्टुलांना टेकवून ठेवायला लावले. पारा दोन्हीकडे एकाच रेघेवर थांबला. मुलं वाकून बघत राहिली. मग त्यांच्यातला एक जण अतिशय आदबीनं म्हणाला, "मॅडम, थर्मामीटर बिघडलाय."

मी हसले, पण ते हसू घरी येईपर्यंत टिकलं नाही. याच मुलांनी उष्णतेच्या वहनाची गणितं माझ्यासमोर बिनचूक सोडवली होती. लोखंड हातातली ऊब भराभर ओढून घेतं म्हणून गार लागतं, हे त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात होतं. वहीतली गोष्ट स्टुलापर्यंत पोचली नव्हती, इतकंच.

मग मला छंदच लागला. दोन दिवे एकापुढे एक जोडायचे आणि विचारायचं, कुठला जास्त उजळेल? पहिला, कारण वीज आधी त्याच्याकडे येते, तो आपला वाटा घेतो, उरलेली पुढे जाते. दिवे लावून दाखवले, दोन्ही सारखेच उजळले, तर मुलं म्हणायची, फरक असणारच, डोळ्यांना दिसत नाही. मला त्यांचा राग येत नसे. उलट या चुकांमध्ये काहीतरी माणसासारखं होतं. नळाला एकानं बादली लावली की दुसऱ्याला कमी पाणी मिळतं, हे प्रत्येकानं घरी पाहिलेलं असतं. गाडी ढकलायची थांबवली की गाडी थांबते, हे खांद्यांना ठाऊक असतं. आळशी मुलगा अशी चूक करत नाही, त्याला काही सुचतच नाही. ही जगून शिकलेल्या माणसाची चूक.

माधव दातार त्या वर्षी पहिल्या वर्षात होता, आणि पहिलाच होता. सगळ्या विषयांत. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा, उंच, किडकिडीत मुलगा. वर्गात आमचं बोलणं इंग्रजीत चाले. एकदा माझ्या हातून पारा सांडला आणि मी "अगं बाई" म्हणाले, तेव्हा तो चमकून मराठीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही आपल्या?" त्याचे वडील पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात आले होते. के. आर. पुरमच्या बाजूला वसाहतीत त्यांचं घर होतं. आमचं घराणं मात्र तीनेकशे वर्षांपूर्वीच इकडे आलेलं. माझं मराठी ऐकून माधव कधी कधी गालात हसायचा. आम्ही 'कॉफी'ला 'काफी' म्हणतो आणि मध्येच 'सरी', म्हणजे ठीक, म्हणून मान हलवतो, याची त्याला गंमत वाटे.

तोंडी परीक्षेत त्यानं लंबकाबद्दलच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. मी त्याला पूर्ण गुण मांडले. त्यानंतर, गुण मांडून झाल्यावर, विचारलं, "चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. त्याच्यावर कुठली बलं आहेत? हवा सोडून दे."

"दोन," तो लगेच म्हणाला. "खाली गुरुत्वाकर्षणाचं आणि वर हातानं दिलेलं. हाताचं हळूहळू संपत जातं. अगदी वर दोन्ही सारखी होतात, म्हणून चेंडू क्षणभर थांबतो."

"पण हात तर सुटला."

"हो, पण जोर चेंडूत राहतो ना."

"कोण लावतंय तो?"

माधव हसला. मग हसायचा थांबला. त्यानं टेबलावरचा खोडरबर उचलला, वर उडवला, झेलला. पुन्हा उडवला. बाहेर पुढची मुलं खोळंबली होती. "वर जाणाऱ्या वस्तूला कोणीतरी वर नेत असलंच पाहिजे, मॅडम," तो म्हणाला, पण आता ते उत्तरासारखं वाटत नव्हतं, विनवणीसारखं वाटत होतं.

"वेग वरच्या दिशेला आहे. बल वर असलंच पाहिजे असं नाही. तूच तर या चेंडूची गणितं केलीस. त्यात किती बलं धरलीस?"

"एक," तो म्हणाला. आणि त्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. त्याचा तास नव्हता. "मॅडम, गणितं बरोबर येतात आणि माझं समजणं चूक, असं कसं होऊ शकतं?" मी सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दिव्यांचं विचारायला आला. मग स्टुलांचं. मग टेबलावर पुस्तक ठेवलं तर टेबल पुस्तकाला वर ढकलतं म्हणजे नेमकं काय करतं, याचं. प्रत्येक वेळी त्याच्या बोलण्यात तेच यायचं, "हे चूक होतं, तर आणखी काय काय चूक असेल?" परीक्षा तोंडावर आली होती. बाकीची मुलं जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत झाडांखाली बसत. माधव खिडकीशी बसून खोडरबर उडवायचा आणि त्याच्याकडे असा बघायचा, जणू तो काहीतरी लपवतोय.

मला आनंद होत होता, हे मी नाकारत नाही. शिकवणाऱ्याला असा विद्यार्थी क्वचित मिळतो. पण त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं.

आमचे विभागप्रमुख शेषगिरी सर शांत माणूस. त्यांनी मला खोलीत बोलावून कन्नडमध्ये विचारलं, "सरोजा, तू मुलांना नेमलेल्या प्रयोगाबाहेरचं विचारतेस म्हणे?"

"हो सर. त्यांना येत नाही ते."

"माहीत आहे मला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं माहीत आहे. ही मुलं पुढे पूल बांधतात. पूल उभे राहतात की नाही?"

"राहतात, सर."

"मग?"

सूत्र बरोबर असेल तर खांब त्याच्या जागी उभा राहतो. बांधणाऱ्याच्या मनात चेंडूचं काय चाललंय याच्याशी खांबाला कर्तव्य नसतं. पण माणसाला स्वतःच्याच हातचं काम परकं राहावं, हे मला तेव्हा सोसत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "सर, त्यांना हे कळायला हवंय. मी जबरदस्ती करत नाही."

"सरी," ते म्हणाले. "पण स्वल्प हळू. परीक्षा होऊ दे."

त्याच रविवारी माधवचे वडील आमच्या चामराजपेठच्या घरी आले. दोन बस बदलून, विचारत विचारत. पांढरा बुशशर्ट, हातात रुमाल. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, व्हरांड्यात पेपर वाचत होते. मराठी माणूस दारात बघून ते हरखले. "या जी, या. बसा. सरू, काफी आण. आणि पाणी. उन्हातनं आलेत. स्वल्प दम घ्या तुम्ही, मग बोला."

दातारांना दम घ्यायचा नव्हता. ते खुर्चीच्या कडेवर बसले. "बाई, मी माधवचा वडील. तुमच्याबद्दल तो फार आदरानं बोलतो. म्हणूनच आलो. कृपा करून त्याला सोडा."

"म्हणजे?"

"तो अभ्यास करत नाही. जेवताना बोलत नाही. परवा आंघोळीच्या बंबापुढे तासभर बसला होता. विचारलं तर म्हणतो, आपल्याला काहीच कळलेलं नाही, बाबा. अहो, वर्गात पहिला येणारा मुलगा असं म्हणतो! पहिला वर्ग मिळाला आणि तो पुढेही टिकला, तर आमच्या कारखान्यात त्याला शिकाऊ इंजिनीअर म्हणून घेतील. मी स्वतः डिप्लोमावाला. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं माझ्या डोक्यावर साहेब होऊन बसतात. त्याचं तसं होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे." त्यांनी रुमालानं मान पुसली. "असा काय प्रश्न विचारलात तुम्ही त्याला?"

मी सांगितला.

"हॅ! त्यात काय? वर जाताना हाताचा जोर असतो. तो संपला की खाली येतो."

"हेच माधव म्हणाला होता."

"मग बरोबरच आहे त्याचं!"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. टेबलावर सरबतासाठी आणलेली लिंबं होती, त्यातलं एक उचलून त्यांनी वर उडवलं. "जोर असतोच की. नसता तर वर कसं गेलं?" दातारांनीही एक लिंबू घेतलं. मी सांगत गेले. हात लागलेला आहे तोवरच हात ढकलतो. सुटल्यावर लिंबाला कोणी शिवत नाही. त्याला वेग मिळालेला आहे, आणि पृथ्वी तो सारखा कमी करते आहे. वर जाताना, अगदी वर असताना, खाली येताना, तीच एक ओढ. दातार मध्येच अडवायचे. "पण अगदी वर गेल्यावर? तिथे तर ते थांबतं. तिथे ओढ कशी असेल?" मी म्हटलं, "तिथे ओढ नसती तर ते तिथेच राहिलं असतं." त्यांनी लिंबू उडवलं आणि मान वर करून बघत राहिले. झेलायचं राहून गेलं. ते व्हरांड्याच्या पायरीवरून टप्पा खात अंगणात गेलं.

आत कॉफी गार होत होती. तिघांपैकी कोणालाही भान नव्हतं. मग दातार एकदम थबकले, उडवायला उचललेलं दुसरं लिंबू त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, हेच म्हणतोय मी. हे एकदा लागलं की सुटत नाही. माझं ठीक आहे. मला कुठला पेपर द्यायचा नाही."

ते बरोबर होते. इतकं बरोबर की मला त्यांच्याकडे बघवेना. मी कबूल केलं, उद्या बोलेन त्याच्याशी.

सोमवारी माधवला मी बाहेर बाकावर बसवलं. झाडाखाली बरीच मुलं होती, कुणी कोणाकडे बघत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "हे सगळं आता बाजूला ठेव. परीक्षा दे. सुट्टीत ये, आपण सावकाश बोलू."

"बाबा आले होते ना तुमच्याकडे?"

"हो."

तो बराच वेळ बुटाच्या टोकानं फुलं बाजूला सारत राहिला. "मॅडम, मी पाठ केलेलं लिहू शकतो. कालपरवापर्यंत लिहितच होतो. पण आता लिहायला लागलो की प्रत्येक ओळीला वाटतं, हे मला खरंच दिसतंय का? आणि पेन थांबतं." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

"गेल्या वर्षी," मी म्हणाले. "तुमच्या आधीच्या वर्गाला समजावताना. फळ्यावर बाण काढत होते. वरच्या दिशेचा बाण काढला आणि त्याला नाव काय द्यावं ते सुचेना."

"एम.एस्सी. झाल्यावर?"

"झाल्यावर."

त्याला फार हसू आलं. किती दिवसांनी तो असा हसत होता कोण जाणे. बाजूच्या मुलांनी वळून बघितलं. "मग मला अजून वेळ आहे," तो म्हणाला, आणि पुस्तकं घेऊन गेला.

त्यानं परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा पहिला वर्ग गेला होता. त्याच्या मित्रांनी सांगितलं, पदार्थविज्ञानाच्या पेपरात गतीच्या नियमांवरचा एकच प्रश्न तो पानंच्या पानं लिहीत बसला आणि शेवटचे प्रश्न राहूनच गेले. सुट्टीत तो माझ्याकडे आला नाही. पुढच्या वर्षी त्याच्या वर्गाचा पदार्थविज्ञान हा विषय संपला आणि मला अंधाऱ्या खोलीतल्या प्रकाशाच्या प्रयोगांवर नेमलं. शेषगिरी सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तिथे मुलं कमी असतात." मी त्या खोलीत भिंगं पुसत विचार करायची: एका माणसाच्या घरातली वर्षानुवर्षांची आशा, आणि एका चेंडूवरचं एक बल. कशाचं वजन जास्त? समजून घेणं चांगलंच, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण कोणाच्या वेळेवर समजून घ्यायचं? ते मी ठरवलं होतं की त्यानं?

आज वय झाल्यावर वाटतं, तो प्रश्न कधीतरी कोणीतरी विचारणारच होतं, निदान मी त्याला गुण मांडल्यावर विचारला. पण हे वाटणं सोयीचं आहे, हेही कळतं. त्या काळात सोयीचं काही सुचत नव्हतं. कॉलेजच्या आवारात उंच, किडकिडीत पाठ दिसली की मी वाट बदलायची.

दातार पुन्हा भेटले ते वर्ष-दीड वर्षानं, मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात. एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. मी आणि अण्णा मागच्या रांगेत होतो. मला बघून ते गर्दीतून वाट काढत येताना दिसले.

"बाई, मी तुमच्यावर अजून रागावलोय," त्यांनी नमस्कारही न करता सुरुवात केली. "पहिला वर्ग गेला तो गेलाच. आमच्याकडे आता त्याला घेणार नाहीत."

"मला वाईट वाटतं," मी म्हणाले. खरंच वाटत होतं.

"वाटायलाच पाहिजे." ते शेजारच्या खुर्चीवर बसले. समोर तंबोरा जुळवणाऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण एक सांगतो. पूर्वी तो जेवायला बसला की मार्क सांगायचा. अमुक विषयात इतके, तमुक विषयात इतके. मी 'छान' म्हणायचो. संपलं बोलणं. वर्षानुवर्षं असंच. आता जेवण संपतं आणि आम्ही दोघं वाळलेल्या हातांनी बसलेले असतो. हिची भांडी खोळंबतात."

"कशावर बोलता?"

"कशावर नाही ते विचारा! आमच्या कारखान्यात नवीन लिफ्ट बसवलीय, मालाची. मी म्हटलं, लिफ्ट खाली जाताना अंग हलकं होतं. माधव म्हणाला, बाबा, फक्त सुटताना. एका वेगानं चालायला लागली की वजन जसंच्या तसं. मी म्हटलं, शक्य नाही, मी रोज उतरतो, मला कळत नाही? झालं आमचं भांडण." ते आता खुर्चीत वळून पूर्ण माझ्याकडे तोंड करून बसले होते. "मी काय केलं, स्टोअरमधून स्प्रिंगचा तराजू आणला. त्याला लोखंडाचा ठोकळा अडकवला आणि लिफ्टमध्ये शिरलो. वर, खाली. वर, खाली. लोक म्हणाले, दातारांना झालंय काय? म्हणू देत. काट्यावरून नजर हलवली नाही मी."

"मग?"

"त्याचंच बरोबर. सुटताना काटा कमी दाखवतो, मग मुकाट्यानं जागेवर येतो, आणि निम्म्या वाटेत ढिम्म हलत नाही. तोच वेग, तेच वजन."

तंबोरा जुळला होता. समोर कोणीतरी सगळ्यांना शांत राहायला सांगत होतं. अण्णांनी मला कोपरानं ढोसलं. दातार माझ्याकडे वाकले. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि आवाज अजिबात खाली राहिला नव्हता.

"पण बाई, खाली पोचून लिफ्ट थांबते ना, तेव्हा काटा जास्त दाखवतो! एक क्षणभरच. पुन्हा पुन्हा बघून खात्री केली. हे त्यानं सांगितलं नव्हतं. त्याच्या डोक्यातच नव्हतं आलं. हे मी त्याला सांगितलं."